पायात फरक वाटला

"हात सोडा, डॉक्टर! सोडा हात!"

कुंपणावर बसलेला माणूस ओरडत होता आणि मी त्याचं अजिबात ऐकणार नव्हते. माझ्याखालचा घोडा उधळला होता. मैदानाच्या टोकाला काटेरी तार होती, तारेपलीकडे मुळशीकडे जाणारा रस्ता आणि रस्त्यावर विटांचे ट्रक. अशा वेळी लगाम सोडा म्हणून सांगणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर तुमच्या वाईटावर असतो. मी दोन्ही हातांनी लगाम छातीशी ओढला. घोडा आणखी जोरात पळाला.

"अहो, ओढताय म्हणून पळतोय तो! हात मानेवर टाका आणि सरळ बसा!"

तारेवरचे काटे वेगवेगळे दिसायला लागले तेव्हा माझ्याकडे दुसरा इलाजच उरला नाही. मी हात सोडले, आयाळीत खुपसले आणि पाठ ताठ केली. घोड्याने चार-दोन ढांगा टाकल्या, फुरफुरला, दुडक्या चालीवर आला आणि तारेपाशी जाऊन सावकाश गवत हुंगायला लागला.

जीव वाचला म्हणून आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या मनात पहिला विचार आला तो वेगळाच. हा घोडा कसा थांबतो, हे या माणसाला पक्कं ठाऊक आहे. म्हणजे त्या दिवशीही ठाऊक होतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. संशय हा माझा तेव्हाही स्वभाव होता आणि आजही आहे. धंद्यानेच तो जोपासला म्हणा. मी दातांची डॉक्टर. माझ्या खुर्चीत बसलेला प्रत्येक माणूस 'रोज दोनदा घासतो' असं सांगतो आणि त्याच तोंडाने आ करतो. माणसं काय बोलतात त्यापेक्षा त्यांच्या तोंडात काय आहे ते बघायचं, ही सवय मला घरीदारी लागली.

कुंपणावरच्या माणसाचं नाव जोएल शिरसाठ. एकेकाळचा नावाजलेला जॉकी. आणि माझ्याखालचा तांबूस घोडा म्हणजे चौघडा. माझ्या वडिलांनी आयुष्यात घेतलेला एकुलता एक शर्यतीचा घोडा. नावही त्यांनीच ठेवलेलं. भोसरीत पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या माणसाने शर्यतीचा घोडा का घ्यावा, हे आईने त्यांना अनेकदा विचारलं. बाबांचं उत्तर ठरलेलं असे, "मला एकदा लीड-इन करायचंय."

शर्यतीत घोडा पहिला आला की मालक मैदानात उतरतो आणि लगाम धरून घोड्याला हजारो माणसांसमोरून मिरवत आणतो. त्याला लीड-इन म्हणतात. बाबांना पैज नको होती, चषक नको होता. तेवढं दोन मिनिटांचं चालणं हवं होतं. सीझनमधल्या मोठ्या शर्यतीला त्यांनी त्यासाठी निळा कोट शिवून घेतला. पितळी बटणांचा.

त्या दिवशी शेवटच्या वळणावर चौघडा सगळ्यांच्या पुढे होता. जोएल त्याच्या मानेवर वाकला होता. बाबांना राहवलं नाही. ते कोटाची बटणं लावत स्टँडच्या पायऱ्या उतरायला लागले. लोकांनी त्यांना वाट करून दिली, कुणी हातही मिळवला. आणि तेवढ्यात, शेवट अगदी समोर दिसत असताना, जोएलने हात सोडले. सगळ्या स्टँडने ते पाहिलं. तो खोगिरावर सरळ बसला, हात घोड्याच्या मानेवर टाकले आणि तीन घोडे त्याच्या शेजारून निघून गेले. बाबा अर्ध्या जिन्यावर होते. उतरलेल्या सगळ्या पायऱ्या त्यांना त्याच लोकांमधून परत चढाव्या लागल्या.

चौकशी झाली. घोड्याच्या डॉक्टरांनी पाय तपासले. सूज नाही, उष्णता नाही, काही नाही. घोडा दुसऱ्या दिवशी छान चालत होता. आणि हात का सोडलेस, या प्रश्नाला जोएल शिरसाठने एकच उत्तर दिलं होतं, "पायात फरक वाटला, साहेब."

त्याचं लायसन काढून घेऊन त्याला वर्षभर बाहेर बसवलं. नंतर कुणी त्याला घोडा दिला नाही. आमच्या घरात मात्र त्याचं ते वाक्य कायमचं राहायला आलं. बाबा त्याची नक्कल करत, मान एका बाजूला टाकून, नाकात बोलून. आईची आमटी खारट झाली की, "पायात फरक वाटला, साहेब." कारखान्यात कुणी उशिरा आला की तेच. माझं ठरलेलं लग्न मुलाकडच्यांनी मोडलं तेव्हा मामाने दुसरं कारण शोधलंच नाही. "त्यांना पायात फरक वाटला," म्हणाला आणि मीसुद्धा रडता रडता हसले.

चौघडा त्यानंतर आणखी दोन सीझन पळाला. दुसरे जॉकी बसले, पण तो मागेमागेच राहिला. मग शर्यतीतून काढला. बाबा त्याला वरातीला घोडे देणाऱ्या माणसाकडे पाठवायला निघाले होते. बँडचा पहिला ढोल वाजल्याबरोबर तो नवरदेवासकट मुंबईला पोचला असता. मी तोवर भुकूमच्या पुढच्या एका क्लबात हौस म्हणून घोड्यावर बसायला शिकले होते, साध्यासुध्या उड्याही मारत होते. मी म्हटलं, मला द्या. मी त्याला उड्या शिकवते. हौशी लोकांच्या स्पर्धा असतात. ड्रेसाज, म्हणजे चौकोनात शिस्तीने चालून दाखवायचं. मग रंगीत दांड्यांवरून शो जंपिंग. आणि शेवटी क्रॉस-कंट्री, उघड्या माळावरून ओंडके, चर, पाणी असं ओलांडत भरधाव जायचं.

बाबा म्हणाले, "घे. पण त्या घोड्यात दम नाही, सांगून ठेवतो."

आणि घोडा क्लबात आल्याच्या पहिल्याच आठवड्यात जोएल शिरसाठ फाटकात उभा राहिला. बुटका, काटक, भांग तेल लावून चोपून पाडलेला, शर्टाला कडक इस्त्री, अंगाला अत्तराचा वास. घोड्यांच्या तबेल्यात पांढरे बूट घालून येणारा मी पाहिलेला एकमेव माणूस.

"चौघड्याला मी तयार करतो," तो म्हणाला. "पैसे नकोत."

'धर्माची गाय आणि दात का गं नाय' असं आपल्याकडे म्हणतात, पण माझा तर धंदाच दात मोजायचा. मी क्लबचे मालक घोरपडे यांना बाजूला घेतलं. म्हटलं, या माणसाने माझ्या वडिलांना चार लोकांत खाली बघायला लावलं, आणि आता तो फुकट राबायला आलाय. का?

घोरपडे मिशीवरून बोट फिरवत म्हणाले, "ते त्याला विचारा. पण बाई, शर्यतीचा घोडा शर्यतीवाल्यालाच आवरतो. आमच्याच्याने होणार नाही ते. नाहीतर वरातीवाला आहेच."

मी जोएलला विचारलं. तो म्हणाला, "माझं काम आहे त्याच्याशी." बस, एवढंच.

म्हणून मी त्याला ठेवला, आणि डोळ्यांत तेल घालून बसले. बाबांना अर्थातच काही सांगितलं नाही.

काटेरी तारेचा प्रसंग पहिल्या दिवसाचा. त्यानंतर जोएलने मला समजावून सांगितलं ते असं. शर्यतीच्या घोड्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं की लगाम ताणला म्हणजे पळायचं. जॉकी लगामावर भार देतो, घोडा त्या भारावर रेलतो आणि पळतो. भार काढला की शर्यत संपली. आपण सगळे थांबवायला ओढतो, आणि त्याला वाटतं, बाई आणखी पळ म्हणतायत.

"त्याची चूक नाही," जोएल म्हणाला. "त्याला तुमची भाषा येत नाही. शिकवू."

आणि खरंच शिकवली. त्याच्यात खोट काढायला मी टपलेली होते, पण त्याच्या शिकवण्यात खोट नव्हती. चौघड्याला आधी नुसतं उभं राहायला शिकवावं लागलं. शर्यतीचा घोडा चालत असतानाच जॉकीला वर फेकतात, त्यामुळे रिकिबीत पाय ठेवून चढेपर्यंत थांबायचं असतं हे त्याच्या गावीच नव्हतं. मग जमिनीवर नुसती एक दांडी ठेवली. ती पाहून चौघडा असा दचकला, जणू साप आहे, आणि अखेर ओलांडली ती कालवा ओलांडल्यासारखी उंच. मी जवळजवळ कानांवरच येऊन बसले. जोएल हसला नाही. हसला असता तर मला तो जास्त आवडला असता.

पण एक गोष्ट मला खटकायची. रोज सकाळी मी बसायच्या आधी जोएल घोड्यापाशी उकिडवा बसायचा आणि डोळे मिटून त्याच्या पुढच्या पायांवरून, गुडघ्यापासून खुरापर्यंत, हात फिरवायचा. आधी एक, मग दुसरा. उतरल्यावर पुन्हा तेच.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"काही नाही."

"मग रोज का?"

"काही नाही ना, हेच बघतो."

हे काय उत्तर झालं? मी घोड्याच्या दाणा-चंदीच्या पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. जोएलने कुलूप बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि शर्टाची बाही झटकून निघून गेला.

एकदा मी दवाखाना लवकर आटोपून न सांगता क्लबात गेले. जोएल घोड्याच्या तोंडाशी काहीतरी धरून उभा होता. मला पाहताच त्याने मूठ मिटली.

"उघडा," मी म्हटलं.

"काही नाही, डॉक्टर."

"मूठ उघडा म्हणते ना."

त्याने उघडली. कागदात तपकिरी खडा होता. घोड्यांना काय काय चारतात याच्या गोष्टी मी ऐकून होते. मी तो खडा उचलला आणि सरळ तोंडात टाकला. गूळ होता. चांगला कोल्हापुरी.

"डॉक्टर," जोएल गंभीरपणे म्हणाला, "दातांना वाईट."

मला हसू आलं आणि त्याचा रागही आला. कारण मला तो आवडायला लागला होता आणि त्याच्यावर विश्वास ठेवायला मला जमत नव्हतं. जितका तो चांगला शिकवत होता तितका माझा संशय घट्ट होत होता. ज्याला घोड्याचं इतकं कळतं, त्याचे हात चुकून सुटले असतील कसे?

त्या संध्याकाळी मी विचारलंच. "त्या शर्यतीत तुम्ही हात सोडले."

"सोडले."

"मुद्दाम."

"मुद्दाम. चुकून हात सोडायला मी काय नवशिका होतो?"

"का?"

त्याने वाकून पांढऱ्या बुटावरची धूळ रुमालाने पुसली. "एकदा सांगितलंय मी. जिथे सांगायचं तिथे सांगितलं. ते खोटं ठरलं. आता परत सांगितलं तर खरं ठरणार आहे का?"

"मला सांगा."

"तुमच्या घरात माझी नक्कल करतात ना, डॉक्टर?"

त्याला कुणी सांगितलं, कोण जाणे. रेसकोर्सवर भिंतींना कान असतात म्हणतात.

पावसाळा सरला तोवर चौघडा बदलला होता. लगाम हलका धरला की मान वाकवून ऐकायचा. दांड्यांवरून स्वच्छ उडी मारायचा. फक्त मोकळ्या माळावर भरधाव सुटला की त्याची जुनी भाषा परत यायची. तिथे त्याला आवरायचं एकच साधन होतं. हात सोडणं.

नाताळच्या सुट्टीत एका रविवारी बाबा न सांगता क्लबात आले. संशयाचा वारसा मला कुणाकडून मिळाला हे वेगळं सांगायला नको. गाडीतून उतरले ते थेट तबेल्यात. जोएल चौघड्याच्या पायाशी उकिडवा बसला होता.

बाबांनी त्याला मागूनच ओळखलं. "तू इथे काय करतोस?"

जोएल उभा राहिला. आधी हात पुसले, मग केसांवरून हात फिरवला. "पाय बघतोय, साहेब."

"अजून फरक वाटतोय वाटतं?" बाबांनी मान एका बाजूला टाकून, नाकातून ते वाक्य म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा ती नक्कल आणि तो माणूस मी एकाच जागी पाहत होते. नक्कल हुबेहूब नव्हती. जोएल नाकात बोलत नव्हता.

"साहेब, या पायापायी माझं लायसन गेलं," तो म्हणाला. "तो पाय टिकला की नाही, एवढं तरी मी बघू नको?"

"कुणी किती दिले होते तेव्हा?"

"बाबा!" मी म्हटलं.

"तू मधे बोलू नकोस, नयना. मला न सांगता या माणसाला घोड्याला हात लावू दिलास?"

मी म्हटलं, "घोडा तुम्ही मला दिलाय. तो दांड्यांवरून उडी मारतो ती या माणसामुळे. फेब्रुवारीत स्पर्धा आहे. येऊन बघा."

बाबांनी चौघड्याकडे पाहिलं. घोडा तेव्हा फार देखणा झाला होता, अंग नुसतं झळाळत होतं. बाबांचा आवाज जरा खाली आला. "पहिली आलीस तर तिथे लीड-इन असतं का?"

"नसतं. पण तुम्ही केलंत तर कोण अडवणार आहे?"

त्यांनी दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. मग म्हणाले, "येतो. पण हा मला मैदानावर दिसता कामा नये. नाहीतर मी तिथूनच परत फिरेन."

जोएल म्हणाला, "मी ट्रकपाशी थांबेन, साहेब."

इतक्या सहजी तो कबूल झाला, तेही मला खटकलं.

स्पर्धा दुसऱ्या एका क्लबच्या माळावर होती. बाबा आले ते निळा कोट घालून. पितळी बटणं आता लागत नव्हती, म्हणून कोट उघडाच होता. हातात त्यांनी स्वतः विकत आणलेली नवी पांढरी दोरी होती. आई म्हणाली, "सकाळपासून गुंडाळतायत आणि सोडतायत." मला त्यांची दया आली आणि भीतीही वाटली.

घोड्यांचे ट्रक माळाच्या कडेला असलेल्या गोदामाच्या मागच्या बाजूला लावायला सांगितले होते. जोएलने तिथेच चौघड्याला खरारा केला, पायांवरून हात फिरवला, आणि मला वर चढवताना एवढंच म्हणाला, "त्याचं ऐका. माझं नाही, कुणाचं नाही. त्याचं."

"म्हणजे काय?"

"जावा आता."

ड्रेसाज चांगलं झालं. शो जंपिंगमध्ये एकही दांडी पडली नाही. दुपारच्या फलकावर माझं नाव सगळ्यात वर होतं आणि दुसऱ्या नंबरात नि माझ्यात चांगलं अंतर होतं. क्रॉस-कंट्री नुसती धडपणे पूर्ण केली तरी जिंकल्यासारखंच होतं. बाबा शेवटच्या रेषेजवळ जाऊन उभे राहिले.

चौघडा सुटला. पहिला ओंडका, चर, उतार, पाणी. पाण्याला तो आदल्या महिन्यापर्यंत घाबरायचा. त्या दिवशी थेट घुसला आणि मला डोक्यापासून भिजवून बाहेर पडला. मी मोठ्याने हसत होते. टेकाडाला वळसा घालून आम्ही शेवटच्या सपाटीवर आलो. आता फक्त दोन उड्या उरल्या होत्या, पलीकडे रेषा, आणि रेषेशी निळा कोट. बाबा चालायला लागले होते. उघड्या कोटाचे दोन्ही पदर एका हाताने धरून ते दोरी घेऊन पुढे येत होते.

आणि तेव्हा मला ते जाणवलं.

दात तपासताना आम्ही आरशाच्या दांडीने एकेक दात हलकेच ठोकून बघतो. कधी कधी एखादा दात वेगळा वाजतो. एक्स-रेमध्ये काही दिसत नाही, पेशंटला काही दुखत नाही, पण तो वेगळा वाजतो. चौघड्याच्या चार टापांत एक टाप तशी वाजली. डाव्या पुढच्या पायाची. उचलायला हवी त्याच्या कणभर आधी उचलली गेली. पुढच्या ढांगेत काही नव्हतं. त्याच्या पुढच्या ढांगेत पुन्हा होतं.

मला वाटलं, भास असेल. मला वाटलं, दोनच तर उड्या आहेत. घोड्याचे कान पुढे होते, तो लगामावर रेलून पळ म्हणत होता, त्याला स्वतःला काही कळलं नव्हतं. समोर बाबा होते. इतकं जिंकावंसं मला आयुष्यात कधी वाटलं नाही, आणि ते मला माझ्यासाठी वाटत नव्हतं.

मी हात सोडले.

हात मानेवर टाकले आणि सरळ बसले. चौघडा हळू झाला, दुडकीवर आला, चालीवर आला, थांबला. मी हात वर करून माघार घेतल्याची खूण केली आणि खाली उतरले. लोक दोरीच्या पलीकडून बघत होते. "घाबरली शेवटी," असं कुणीतरी म्हणालेलं मला स्पष्ट ऐकू आलं.

स्पर्धेचा घोड्यांचा डॉक्टर धावत आला. त्याने दोन्ही पाय दाबून पाहिले, खूर उचलून पाहिले, घोड्याला चालवून, पळवून पाहिलं. "काही नाही," तो म्हणाला. "पाय थंड आहे. सूज नाही. सरळ चालतोय. का थांबवलात?"

माझ्या तोंडून उत्तर निघायच्या आधीच मला कळलं की ते काय असणार आहे. दुसरे शब्दच नव्हते.

"पायात फरक वाटला," मी म्हटलं.

डॉक्टरने खांदे उडवले आणि तो गेला. त्याच्या मागे बाबा उभे होते. दोरी हातात, कोट उघडा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कारखान्यात चोर पकडला की ते असं बघायचे, पापणी न हलवता.

"नयना, खरं सांग. घाबरलीस?"

"नाही."

"त्याने शिकवून ठेवलं होतं का तुला हे?"

"नाही, बाबा."

"डॉक्टर तर म्हणतो, काही नाही."

"मलाही दाखवता येत नाही काही. पण होतं."

त्यांनी घोड्याकडे पाहिलं, रेषेकडे पाहिलं, मग पुन्हा माझ्याकडे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. विश्वास ठेवा हो, असं ओरडावंसं वाटलं आणि ओरडण्यात काही अर्थ नाही हेही कळत होतं. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "कुठला पाय?"

"डावा. पुढचा."

बाबांनी दोरी चौघड्याच्या लगामात अडकवली आणि त्याला घेऊन चालायला लागले. रेषेकडे नाही. गोदामाच्या मागे, ट्रककडे. मी मागोमाग पळाले.

जोएल ट्रकच्या फळीवर बसला होता. आम्हाला पाहून उठला. घोडा चालत आलेला, मी पायी, बाबांचा चेहरा असा. तरी त्याने काही विचारलं नाही. सरळ खाली बसायला लागला, पायाकडे हात नेत. बाबांनी त्याला अडवलं.

"थांब. हात लावू नकोस. आधी मला सांग. त्या दिवशी तू म्हणालास, पायात फरक वाटला. कुठल्या पायात?"

जोएल सरळ उभा राहिला. एरवी ताठ असलेला त्याचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला.

"डाव्या," तो म्हणाला. "पुढच्या."

चौघड्याने बाबांच्या कोटाच्या खिशाला तोंड लावलं.

"हे तू चौकशीत का नाही सांगितलंस?" बाबांनी विचारलं.

"कुणी विचारलंच नाही, साहेब. हात का सोडले, विचारलं. पैसे कुणी दिले, विचारलं. पाय कुठला, हे विचारणारे तुम्ही पहिले."

बाबांनी दोरी त्याच्या हातात दिली. तोंड वळवलं आणि ट्रकला वळसा घालून निघून गेले. जोएल खाली बसला, डोळे मिटले आणि चौघड्याच्या डाव्या पायावर तळवा ठेवला. त्याचे खांदे हलत होते. मी तिथे थांबले नाही.

थांबले नाही, कारण मला लाज वाटत होती आणि तरीही डोक्यात किडा वळवळत होता. स्वभाव तो. जोएलने इथून मैदान पाहिलं असेल तर? मला थांबताना, चौघड्याची टाप चुकताना पाहिली असेल तर? मग डावा म्हणायला काय लागतं? म्हटलं, एकदा बघून घ्यावं. मी ट्रकच्या दुसऱ्या बाजूला गेले.

बाबा तिथे आधीच उभे होते. एक हात ट्रकच्या चाकावर, टाचा उंचावलेल्या, मान लांब करून ते मैदानाच्या दिशेने बघत होते. समोर गोदामाची भिंत होती, भिंतीवर थापलेल्या गवऱ्यांचे डाग आणि वर नुसतं आभाळ.

माझी चाहूल लागली तरी त्यांनी वळून पाहिलं नाही. उजवीकडे सरकून पाहिलं, डावीकडे सरकून पाहिलं. मग टाचा खाली टेकवल्या.

"दिसत नाही," बाबा म्हणाले.

मग त्यांनी कोट काढला, हातावर टाकला आणि घसा साफ केला.

"त्याला सकाळपासून चहा विचारला का कुणी?"